लाइन नसलेलं गाव

कारखान्याच्या स्टोअरमध्ये खिडकीशी उभं राहून खुशाल निमगडे बोल्टांच्या पेट्यांवर नंबर घालत होता तेव्हा फोन वाजला, आणि पलीकडच्या माणसानं नाव सांगायच्या आधीच त्याला कळलं की फोन भांदक स्टेशनवरून आहे. मागे इंजिन शिट्टी देत होतं. माणसाचं बोलणं त्यानं नंतर ऐकलं, आधी शिट्टी ऐकली. मालगाडी, सिग्नलला अडवलेली, ड्रायव्हर कावलेला. एवढं सगळं त्या शिट्टीवरून त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःचाच संताप आला, कारण त्याच वेळी तो माणूस सांगत होता की तुमचा म्हातारा आज पुन्हा लाइनीवर सापडला, या वेळी साहेब स्वतः बसले आहेत, लवकर या. खुशालनं फोन ठेवला. हातातल्या ब्रशचा रंग पॅंटवर सांडला होता. आता ह्यावरून घरी मीराबाई बोलणार, म्हाताऱ्यावरून बोलणार ते वेगळंच.

गेटपासवर सही करताना मोठे बाबू गालातल्या गालात हसले. "काय इंजिन, वडलांनाही तुमची लागण झाली का?" कारखान्यात त्याला सगळे इंजिनच म्हणत. दर रविवारी सकाळी सायकल काढून भांदकला जायचं, प्लॅटफॉर्मच्या टोकाला बाकावर बसायचं, दिल्लीकडून येणाऱ्या आणि मद्रासकडे जाणाऱ्या गाड्या बघायच्या, आणि दुपारी उपाशीपोटी घरी यायचं, हे त्याचं व्यसन साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं. मीराबाई म्हणे, "दुसऱ्याईचे नवरे पेऊन येते, तं त्याईच्यापाशी सांगाले काहीतरी असते. तुमी येऊन काय सांगता, तं जीटी गाडी लेट हाये." उत्तर नसलेल्या गोष्टींबद्दल लोकांनी बोलू नये असं त्याला वाटे, पण लोक नेमके त्याच गोष्टींबद्दल बोलतात. आणि लागण कोणाची कोणाला झाली हे मोठ्या बाबूंना काय माहीत. गेटबाहेर पडून सायकलीवर टांग टाकताना तो मनातल्या मनात बाबूंशी, मीराबाईशी आणि अजून न पाहिलेल्या त्या रेल्वेच्या साहेबाशी एकदमच भांडत होता.

म्हातारा म्हणजे सोमाजी निमगडे, त्याचा बाप, नागभीड आणि वडशाच्या मधल्या छोट्या लाइनीवर जन्मभर चावीवाला होता. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्यानं ढिल्या होतात; रोज आपल्या वाट्याची लाइन पायी चालायची, ढिली दिसेल ती चावी हातोडीनं ठोकायची, संध्याकाळी परत यायचं. बस, एवढंच काम. आई गेल्यावर खुशालनं त्याला भद्रावतीला आणलं. पहिला हिवाळा बरा गेला. म्हातारा अंगणात उन्हाला बसे, नातवंडांची नावं चुकवी, जेवून पुन्हा जेवण मागे. म्हातारपण आहे, चालायचंच, असं सगळे म्हणाले. मग एक दिवस कोळसा फोडायची हातोडी सापडेना. मीराबाईनं शेजारणीवर संशय घेतला, बोलाचाली झाली, आणि दुपारी हातोडी खांद्यावर टाकून म्हातारा घरी आला तो चपलांना खडीची धूळ, चेहऱ्यावर दिवसभराच्या कामाचं समाधान. कॉलनीपासून लाइन काही जवळ नाही. पण रात्री सगळं निजलं की गाडीचा आवाज येतो, आणि त्या आवाजाच्या रोखानं म्हातारा सकाळी निघतो. दाराला कडी लावली तर खिडकीशी उभा राहून शांतपणे सांगतो, "दार उघडा, डिवटीची वेळ झाली." हातोडी लपवली तर दगड घेऊन जातो. खुशालनं रागावून पाहिलं, हात जोडून पाहिलं, एकदा तर रडूनही पाहिलं. शेवटी आज सकाळीच मीराबाई म्हणाली, "अवो, रुखमाबाईकडं नेऊन टाका ना त्याईले. आलापल्लीले रेल्वेचा र नाई. तिथी जंगलात कितीबी फिरन, पन गाडीखाली तं नाई येनार." रुखमा ही खुशालची धाकटी बहीण, जंगल खात्यातल्या नाकेदाराला दिलेली. तिची ना नव्हती. ना होती ती खुशालच्याच पोटात कुठंतरी, आणि ती का होती हे त्याला सांगता येत नव्हतं. लाइन नसलेल्या गावी बाप काय करणार? सकाळी उठून कान देणार, आणि कुठूनच काही येणार नाही.

रस्ता चढाचा, ऊन चढलेलं, कोळशाचे ट्रक अंगावरून जात होते आणि प्रत्येक ट्रकामागून तोंडात काळी धूळ येत होती. खुशाल पायडल मारत होता आणि त्याला चीड येत होती ती याची की एवढ्या कटकटीतही डोक्यात काय यावं, तर छोटी लाइन. जंगलातली ती लाइनीवरच्या मजुरांची गँगचाळ, पाच-सहा खोल्या, समोर लाइन आणि मागे लगेच सागवान. गाडी दिवसातून मोजक्या वेळा येई, आणि यायच्या कितीतरी आधी चाळीतली पोरं रुळाला कान लावून पालथी पडत. कान भाजे, तरी काढायचा नाही. आधी काहीच नसे, मग रुळाच्या आत खोल काहीतरी सरकल्यासारखं होई, आणि ते पहिलं कोणाच्या कानाला लागलं यावरून मारामारी. चैतात मोहाची फुलं रुळावर पडून चाकाखाली चेंगरत, रूळ बुळबुळीत होई आणि ते लहानसं इंजिन चढावर जागच्या जागी चाकं फिरवत राही. फायरमन खाली उतरून रेती टाकी, ड्रायव्हर त्याच्या आईबहिणीचा उद्धार करी, आणि प्रवासी निवांत उतरून टेंभरं वेचून खिशात भरून पुन्हा चढत. थंडीत वडशाहून नाटकवाले येत. एकदा एक राजा तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत झोपलेला त्यानं पाहिला होता, अर्ध्या तोंडाचा रंग उतरवलेला, अर्धा तसाच. तो राजा कोणत्या गावाला उतरला असेल, असं खुशालच्या मनात अजून अधूनमधून येतं. चाळीसच्या पुढं गेलेल्या माणसाला असं काही वाटू नये, निदान अशा वेळी तरी.

आणि या सगळ्या चित्रात बाप कुठं होता? लाइनीच्या कडेला, खाली मान घालून. सुटीच्या दिवशी खुशाल त्याच्यामागून भाकरीची शिदोरी घेऊन चाले. गाडी आली की दोघं बाजूला उतरत. खुशालची मान वर जाई: इंजिनाचं तापलेलं पोट, ड्रायव्हरच्या डोक्याचा फडका, खिडक्यांतले हात, कोणाच्या तरी मांडीवरची कोंबडी. आणि बाप चाकांखाली बघत राही. कोणता स्लीपर दबतो, कोणता उचलतो. शेवटचा डबा गेला की पुढं चालू लागे. पोरानं हात हलवला तर डोक्यात टपली. "वर काय पाहून राह्यला? वर काई नाई." छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, दीक्षेला सगळी चाळ पांढरे कपडे घालून गाडीत कोंबून गेली, तेव्हाही हा आपली लाइन चालून संपवून मागच्या मालगाडीनं, गार्डाच्या डब्यात उभा राहून आला. त्यानंतर त्यानं एकच धरलं, पोरगं शिकलं पाहिजे. खुशाल चांद्याच्या बोर्डिंगात गेला. मॅट्रिक झाल्यावर मुकादम आपण होऊन घरी येऊन म्हणाला की तुझ्या पोराला चिकटवून घेतो, पुढं शिकून सिग्नलात जाईल, गार्ड होईल, कोण जाणे ड्रायव्हरही होईल. बाप म्हणाला, नाही. का, तर नाहीच. खुशाल तीन दिवस जेवला नाही. बाप रोज लाइनीवर जाऊन आला आणि जेवला. पुढं कारखाना निघाला, त्यात तो लागला, क्वार्टर मिळालं, लग्न झालं, सगळं ठीकच झालं. आपल्या बापाला गँगच्या कामाची लाज होती, पोरानं टेबलावर बसावं एवढीच त्याची इच्छा होती, असं खुशालनं स्वतःला समजावलं होतं. तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच ते कधी संपलं नाही.

स्टेशनच्या मागच्या खोलीत साहेब टेबलामागे होते आणि सोमाजी बाकावर, हात मांडीवर ठेवून, मुकादमाची वाट बघत असल्यासारखा. दाराशी इथला चावीवाला उभा होता, पत्रू नावाचा, खुशालच्याच वयाचा, आणि त्याच्या पायाशी मीराबाईची हातोडी. "निमगडे, तुम्ही सरकारी नोकर," साहेब म्हणाले, "तुम्हाला मी काय समजवायचं? आज यांनी काय केलं ते यालाच विचारा." पत्रूला सांगायला संकोच वाटत होता. "भाऊ, बुढा वाईट नाई. काम त्याचं साफ हाये. पन इथी दोन लाइनी हायेत ना. हे लाइन फक्त जानाऱ्या गाडीची, तं साऱ्या चाव्या गाडी जाते तिकडंच ठोकाव लागते. छोटी लाइन एकच, येनारी बी तिच्यावरूनच अन् जानारी बी, तं तिथी एक चावी इकडं ठोकते अन् एक तिकडं. यानं इथल्या एकाआड एक चाव्या काढून उलट्या ठोकल्या. लय मेहनतीनं. सकाळपासून मी त्याच सरळ करून राह्यलो." साहेबांनी टेबलावर बोट वाजवलं. पुढच्या वेळी पोलिसात देणार, आणि त्याआधी गाडीनंच उडवलं तर त्यालाही ते जबाबदार नाहीत. "जिथं रेल्वे नाही अशा ठिकाणी ठेवा यांना. आहे का कोणी?" खुशाल म्हणाला, आहे. स्वतःच्या आवाजाचाही त्याला राग आला, इतका तो लगेच निघाला.

तो बापाजवळ गेला. "बाबा, चला." म्हाताऱ्यानं त्याला पायापासून वरपर्यंत पाहिलं. गेल्या कित्येक महिन्यांत त्यानं खुशालला खुशाल म्हणून ओळखलं नव्हतं. कधी मुकादम समजे, कधी नवा खलाशी, कधी दवाखान्यातला माणूस. "तू कोनाचा बे?" "तुमचाच आहे, बाबा." "माया नाई." म्हातारा पत्रूकडे वळला, जणू याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. "मायं पोरगं चांद्याले शाळेत हाये. मुकादम मने, दे लाइनीवर. म्या नाई देल्लं." पत्रूनं भल्या माणसासारखं विचारलं, "काऊन नाई देल्लं, बाबा?" "त्याले गाडीचा लय शौक. गाडी आली का तोंड वर करून पाह्यते. तोंड वर करून पाहानारा मानूस लाइनीवर वाचत नाई. आमच्या गँगमधला चैतू असाच मेला. गाडी पाहाची असन तं गाडीत बसाव ना, बाबू. लाइनीवर कायले येते?" पंचवीस वर्षं जे कोडं त्यानं स्वतःच्या सोयीनं सोडवून ठेवलं होतं, त्याचं उत्तर बाप भलत्याच माणसाला देत होता, आणि तेही इतकं साधं. हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं? तीन दिवस पोरगं उपाशी होतं तेव्हा तोंड का शिवलं होतं? त्याला बापाला गदागदा हलवावंसं वाटलं. पण ज्याला हलवायचं तो सोमाजी केव्हाच निघून गेला होता, आणि हा जो बाकावर बसला होता त्याला धक्का लागला तर तो रडेल.

एवढ्यात पॅसेंजर आली. सायकलच्या कॅरिअरवर म्हातारा बसत नाही, चालवत नेला तर पुन्हा लाइनीकडे वळेल, आणि घरी नेऊन उद्या पुन्हा हेच. खुशालनं रागाच्या भरात ठरवून टाकलं. आत्ताच. चंद्रपूरपर्यंत गाडी, पुढं आलापल्लीची बस, कपडे रुखमा देईल. सायकल पत्रूच्या हवाली केली, तिकिटं काढली, बापाला दंडाला धरून चढवलं आणि खिडकीशी बसवलं. समोर टोपलीत वांगी घेऊन चंद्रपूरच्या बाजाराला निघालेली एक बाई होती. गाडी सुटली आणि म्हातारा तळमळू लागला. खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून तो खाली बघायचा प्रयत्न करी, मग दुसऱ्या बाजूला जाई, मग बाकाखाली वाकून बघे. "दिसून नाई राह्यलं." "काय, बाबा?" "लाइन. आपल्याखालची लाइन दिसून नाई राह्यली." खुशालला प्रथम हे खोटं वाटलं, मग त्यानंही खिडकीतून पाहिलं. शेजारची लाइन दिसत होती, तिचे स्लीपर झरझर मागं जात होते. आपण ज्या लाइनीवर चाललो आहोत ती गाडीतून दिसत नाही. आयुष्यभर इतक्या गाड्यांत बसलो, त्यानं विचार केला, आणि हे कधी ध्यानातच आलं नाही. याला मात्र बसल्याबरोबर कळलं. म्हातारा आता उठून उभा राहिला होता. गाडी थांबवा म्हणत होता. लाइन कोणी पाहिली, कोणाची डिवटी आहे, ह्या लाइनीला चावीवाला कोण? लोक बघू लागले, दोन कॉलेजची पोरं हसू लागली. "ह्या लाइनीले चावीवाला कोन हाये?" त्यानं खुशालच्या शर्टाला धरून विचारलं. "मी," खुशाल दात खाऊन म्हणाला, "मी आहे. बसा आता." "तू?" "हो, मी." म्हाताऱ्यानं खुशालकडे नीट पाहिलं. मग चढ्या आवाजात म्हणाला, "मंग गाडीत काऊन बसला? उतर ना बे."

साऱ्या डब्यात हशा पिकला. ताडाळी आलं, गाडी थांबली, आणि म्हातारा त्याला दोन्ही हातांनी दाराकडे ढकलू लागला. "उतर. मी बसतो इथी. तू उतर." वांगीवाली बाई म्हणाली, "उतरून पाहा ना, भाऊ. बुढ्याचं मन तं राह्यलं पाह्यजे. गाडी सुटाच्या आंधी चढून जाजा, मी हावो त्याच्यापाशी." खुशाल उतरला. लाज, घाम, सकाळपासूनची भूक, आणि आत कुठंतरी एक वेडंवाकडं कुतूहल की आता हा काय करतो. म्हाताऱ्यानं काहीच केलं नाही. तो खिडकीशी परत येऊन बसला, दोन्ही पाय वर घेतले, मांडी घातली, आणि खुशालकडे एकवार बघून मान हलवली, जणू पाळी बदलली. आणि मग त्यानं वर पाहिलं. झाडांकडे, सिग्नलच्या खांबाकडे, तारेवर बसलेल्या पाखरांकडे. बापाला असं वर बघताना खुशालनं जन्मात पाहिलं नव्हतं. तो बघतच राहिला, आणि तेवढ्यात गाडी हलली.

चपला तुटेपर्यंत तो धावला. मधला डबा हुकला, मागच्याचा दांडा हाताला लागला, कोणीतरी दंड धरून वर ओढलं. डब्यातून डब्यात जायची वाट नव्हती. चंद्रपूर येईपर्यंत तो दारात उभा राहिला आणि त्याच्या डोक्यात एकच होतं, म्हातारा भलत्या बाजूच्या दारानं उतरेल. पलीकडच्या लाइनीवर उतरेल, हातोडी नाही म्हणून खडीतला दगड उचलेल, आणि मागून येणारी गाडी त्याला दिसणार नाही कारण त्याची मान खाली असेल. मूर्खासारखा उतरलो, मूर्खासारखा. जन्मभर गाड्या बघत बसलो, आज बापाकडे बघत बसलो, आणि त्याला हातचा घालवला. समोरून एक गाडी आली. तिची खिडकीन् खिडकी एरवी त्यानं टिपली असती, इंजिनाचा नंबर पाठ केला असता. आज तो वाकून तिच्या चाकांखाली बघत होता, कुठं काही पडलेलं तर नाही ना म्हणून. शेवटचा डबा गेला. खाली नुसते स्लीपर होते.

चंद्रपूरला गाडी पुरती थांबायच्या आत त्यानं उडी टाकली आणि गर्दीला कोपरं मारत पुढं पळाला. खिडकी सापडली. म्हातारा तिथंच होता, मांडी घातलेला, हातात अर्धी खाल्लेली भाकर, बाईनं दिलेली. शिव्या द्याव्यात की काय करावं, त्याला कळेना. म्हाताऱ्यानं त्याला पाहिलं आणि भाकरीचा हात त्याच्याकडे करून तो बाईला म्हणाला, "थो पाहा, थो धावत येऊन राह्यला ना, थो माया खुशाल. लाइन आता त्याच्याकडं हाये. मले सुट्टी हाये."

आलापल्लीची बस स्टॅंडवर लागलेली असणार. खुशालनं खिडकीच्या गजांतून हात आत घालून बापाचा गुडघा धरला. "उतरा, बाबा," तो म्हणाला. "घरी जाऊ." आणि मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, बाईकडे बघून म्हणाला, "हो, बाई. लाइन मीच पाहतो."